परिशिष्ट चार, ओळ ११,२०८

रात्री दोन वाजता सत्ताविसाव्या मजल्यावर
आम्ही गाण्यांचं वजन करत बसलेलो.
माझी फर्म विकणाऱ्यांची,
समोरची घेणाऱ्यांची,
तिसरी बँकेची. तिला फक्त हमी हवी,
गाणी कशीही असोत.
काचेबाहेर अबू धाबीचा समुद्र
इस्त्री करून ठेवल्यासारखा.

किंमत अजून आकडा झालेली नाही, नुसती पट आहे :
वर्षाच्या उत्पन्नाच्या साडेचार पट, की पाच?
लंडनचे पेनहॅलो तीन दिवस त्यावर अडून.
त्यांच्या टायवर बारीक बारीक बदकं,
आणि अर्धी पट म्हणजे दोन कोटी दहा लाख डॉलर.

'ऐकणे' या शब्दाची व्याख्या मी लिहिली.
कलम एक, पोटकलम सात :
तीस सेकंद पूर्ण झाली की ते ऐकणे.
एकोणतिसाव्या सेकंदाला
कुणाला पुढचं सोसवलं नाही, बंद केलं,
तर ते ऐकणे नव्हे.
(हे सोसण्याबिसण्याचं मसुद्यात नाही.
वदीअसर असले शब्द खोडतात.)

मग समोरून शेरा आला, लाल अक्षरांत :
परिशिष्ट चार, ओळ ११,२०८.
हे संगीत आहे काय?
हमी द्यावी अथवा वगळावे.

मी कानात घातलं.

जनरेटर.

बैरूत, बदारो, रात्र. एवढंच नाव.
अपलोड करणारा नख्ले शबीब, वायरमन.
एक तास चार मिनिटं नुसती घरघर,
मध्ये एकदा कुत्रं,
आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला जिन्यातून कुणीतरी :
उम्म तोनी, आली का गं वीज?

चाळीस लाख वेळा ऐकलेलं.
माँट्रियल, साओ पावलो, सिडनी, डिअरबॉर्न.
त्या त्या गावच्या रात्री अकरापासून
थेट उजाडेपर्यंत.

आमच्या घरी पाच अँपियरची वर्गणी होती.
फ्रिज चालू तर धुलाईयंत्र बंद,
इस्त्री लावायची तर आधी ओरडून सांगायचं.
डिझेलचा वास उशीच्या अभ्र्यालासुद्धा.
आई शिव्या द्यायची त्या यंत्राला, मालकाला,
मालकाच्या सात पिढ्यांना.
आता ती माँट्रियलला असते, बर्फात, भरपूर विजेत,
आणि फोनवर म्हणते, इथे झोप नाही लागत गं.
मी म्हणायचे, वय झालं.

उत्तराचा मसुदा मीच केला :
ध्वनिमुद्रणावर श्री. शबीब यांचा निर्विवाद हक्क आहे.
जनरेटरने कोणताही दावा केलेला नाही.
कुत्र्याची लेखी संमती उपलब्ध नाही.
वदीअसर हसले. मग शेवटच्या दोन ओळी खोडल्या,
आणि थोडं थांबून पहिलीही.
वगळा, म्हणाले, एका ओळीसाठी पाच पट घालवायची का?

वगळलं.
पेनहॅलोंनी किमतीतून बारा हजार डॉलर कापले,
आणि काहीतरी कापायला मिळालं म्हणून असेल,
पहाटे साडेचारला पाच पटीवर हो म्हणाले.
सह्या झाल्या. कुणीतरी खजूर आणले.
त्यांचा एक ज्युनिअर खुर्चीतच झोपी गेलेला,
बूट काढून, अगदी नीट शेजारी ठेवून.

नख्ले शबीबला पत्र यंत्रच पाठवील.
आपली सामग्री आमच्या निकषांत, वगैरे.
महिनाअखेर ती ओळ पुसली जाईल.

तोवर मी घरी, अंधारात,
फुकटच्या खात्यावरून तो आवाज लावते.
एकोणतीस सेकंद. बंद.
पुन्हा सुरुवातीपासून एकोणतीस. बंद.
कुठल्याच हिशेबात मी नाही.
मी केलेला करार माझ्याच बोटांत भिनलाय.

पण फुकटच्या खात्यात पुढे सरकवता येत नाही,
आणि ती हाक आहे एक्केचाळिसाव्या मिनिटाला.
तिथवर जायचं
तर मोजलं जावं लागेल.